बहात्तर सिलिंडरांची सेवा : एअर इंडियाच्या कॉन्स्टेलेशन विमानांचे परीक्षण

1948 च्या जून महिन्यात मुंबईहून लंडनला विमानाने जायचे तर 1,720 रुपये मोजावे लागत. एअर इंडिया इंटरनॅशनलच्या त्या वेळच्या जाहिरातीत मिशाळ महाराजा आपण दर मंगळवारी लंडनला निघत असल्याचे सांगतो, आणि वाटेत कैरो व जिनिव्हा असे दोनच थांबे आहेत हे तोऱ्यात नमूद करतो. कोणत्याही सेवेचे परीक्षण करताना गिऱ्हाईकाने किती पैसे मोजले आणि त्या बदल्यात त्याच्या पदरात काय पडले, हा हिशेब आधी मांडावा लागतो. ही सेवा बंद पडून साठ वर्षे उलटून गेली असली तरी तो हिशेब अजून मांडता येतो, कारण विमानांची माहिती उपलब्ध आहे, मार्ग ठाऊक आहेत, अपघातांची नोंद आहे आणि त्या ताफ्यातील एक विमान तर आजही गोव्यात उभे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. 1948 ते 1962 या काळात कॉन्स्टेलेशन आणि सुपर कॉन्स्टेलेशन विमानांनी दिलेली सेवा त्या काळच्या कोणत्याही बड्या परदेशी कंपनीच्या तोडीची होती. मात्र तिचे श्रेय विमानाच्या देखणेपणाला जेवढे दिले जाते तेवढे त्याचे नाही. ते इंजिनांखाली शिडी लावून रात्र रात्र काढणाऱ्या माणसांचे आहे.

खरेदी कशी होती, ते प्रथम पाहू. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून जुहूला टपालाच्या थैल्या आणल्या, तेव्हा त्यांच्या हाती एका इंजिनाचे पिटुकले पस मॉथ विमान होते. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांत त्याच परंपरेतील कंपनीने चार इंजिनांचे, हवेचा दाब राखलेल्या केबिनचे आणि खंड ओलांडणारे विमान घ्यावे, ही उडी लहान नव्हती. 8 मार्च 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली, तिच्यात सरकारचा वाटा 49 टक्के, टाटांचा 25 टक्के आणि उरलेला जनतेचा होता. लॉकहीड कंपनीकडून पहिली तीन विमाने आली, त्यांची नावे मलबार प्रिन्सेस, मुघल प्रिन्सेस आणि राजपूत प्रिन्सेस. 8 जून 1948 च्या रात्री कॅप्टन के. आर. गुझदर यांनी 35 प्रवाशांसह मलबार प्रिन्सेस मुंबईहून लंडनकडे नेले. पुढे या राजकन्यांच्या पंगतीत मराठा प्रिन्सेसही दाखल झाली, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्या काळी दुसरे पर्याय नव्हते असे नाही, परंतु निवड योग्य होती असे मला वाटते, आणि त्याचे कारण वाटेतच सापडते. मुंबई ते कैरो हे अंतर चार हजार किलोमीटरहून अधिक आहे, आणि त्यातला बराचसा भाग समुद्र व वाळवंट यांच्यावरून जातो. कॉन्स्टेलेशनच्या 749 या प्रकारात पंखांच्या बाहेरच्या भागात जादा इंधनाच्या टाक्या होत्या, त्यामुळे हा टप्पा मध्ये न उतरता गाठता येई. दुसरे असे की हे विमान वीस हजार फुटांवरून उडत असतानाही आतल्या माणसाला आठ हजार फुटांवर बसल्यासारखे वाटेल एवढा दाब केबिनमध्ये राखला जाई. ज्यांनी दाब न राखलेल्या, दोन इंजिनांच्या डाकोटा विमानामधून पावसाळी ढगांत गचके खाल्ले होते, त्यांना या एका गोष्टीचे मोल सांगावे लागले नसेल. शिवाय उशिरा खरेदी करण्याचा एक फायदा कंपनीला आपसूक मिळाला. कॉन्स्टेलेशनला सुरुवातीला आगीच्या तक्रारींनी ग्रासले होते, आणि 1946 च्या जुलैमध्ये अमेरिकेत एका प्रशिक्षण उड्डाणात आग लागून अपघात झाल्यावर ही सर्व विमाने काही आठवडे जमिनीवर बसवून ठेवण्यात आली होती. दुरुस्त्या झाल्या, त्यानंतर सुधारलेले विमान आपल्याकडे आले. पहिल्या आवृत्तीच्या चुका दुसऱ्यांनी भोगल्या.

विमानाच्या रूपाबद्दल एवढे लिहिले गेले आहे की मी थोडक्यातच आवरतो. माशासारखे वळण घेतलेले अंग, खाली झुकलेले नाक, उंच पाय आणि शेपटीवर तीन उभे पंख. हे सगळे शोभेसाठी होते असे समजणे चूक आहे. प्रोपेलरचा व्यास सुमारे पंधरा फूट होता, तो जमिनीला लागू नये म्हणून विमान उंच उभे करावे लागले. पुढचे चाक आणखी लांबू नये म्हणून नाक खाली वाकवले गेले. आणि एकच उंच शेपूट ठेवली असती तर ते जुन्या हँगरच्या दारातून आत गेले नसते, म्हणून तिची तीन पंखांत वाटणी झाली. परिणाम असा की या विमानाच्या अंगातल्या कड्या नाकापासून शेपटीपर्यंत आकार बदलत जातात. प्रतिस्पर्धी डग्लस विमानाचे अंग सरळ नळीसारखे असल्याने ते बनवायला स्वस्त आणि लांबवायला सोपे होते. देखणेपणाची किंमत कारखान्याने मोजली. आपल्याकडे या विमानाने मागे ठेवलेली एक खूण पुढे कित्येक वर्षे टिकली. कॉन्स्टेलेशन म्हणजे तारकासमूह, म्हणून कंपनीने वर्तुळातला धनुर्धारी, म्हणजे आपली धनू रास, बोधचिन्ह म्हणून घेतली, आणि जेट विमाने आली तरी तो धनुर्धारी शेपटीवरून उतरला नाही.

आता प्रवाशाकडे वळू. साधारण चाळीस माणसे, मध्यभागी अरुंद वाट, वाटोळ्या खिडक्या, आणि चोवीस तासांच्या घरातला प्रवास. आजच्या माणसाला हे हाल वाटतील. जहाजाने दोन-तीन आठवडे घालवणाऱ्याला तो चमत्कार वाटला असणार. पिस्टन विमानात बसायची जागा निवडण्याचे गणित आजच्या उलट असे. प्रोपेलरच्या पात्यांच्या रेषेत बसणाऱ्याच्या कानांना आणि दातांना सारखी घरघर जाणवत राही, तर पंखांच्या मागे, शेपटीकडे गेलेल्याला तुलनेने शांतता मिळे. म्हणून अशा विमानांत महागड्या जागा बहुधा मागे असत. आज पहिल्या वर्गाचा प्रवासी पुढच्या दारातून आत जाऊन डावीकडे वळतो, हे त्या काळच्या जाणत्या प्रवाशाला अडाणीपणाचे वाटले असते.

सेवेचा दर्जा राखण्याचे काम कोण करीत होते, याचा पुरावा खुद्द टाटांच्या टिपणांत आहे. हे गृहस्थ कंपनीचे अध्यक्ष असूनही प्रवासात वही उघडून बसत आणि उतरल्यावर अधिकाऱ्यांना लांबलचक टिपणे पाठवीत. 1951 मधल्या अशाच एका टिपणात जिनिव्हाहून विमानात चढवलेल्या चहाचा रंग कॉफीपासून वेगळा ओळखता येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. काही आसने इतरांपेक्षा जास्त मागे कलतात, तर सर्व आसने सारखी का करू नयेत, असाही प्रश्न त्यांनी विचारला आहे. वाचताना हसू येते, पण परीक्षक म्हणून मला ही टिपणे जाहिरातींपेक्षा विश्वासार्ह वाटतात, कारण त्यांत चहा वाईट असल्याचे कबूल केलेले आहे. ज्या कंपनीचा अध्यक्ष स्वतःच्या चहावर असा डोळा ठेवतो, तिथल्या प्रवाशाला तक्रारवही मागण्याची पाळी क्वचितच येते. कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी 1946 मध्ये घडवलेल्या महाराजाने कंपनीला हसरा चेहरा दिला हे खरे, पण त्या चेहऱ्यामागे ही किरकिरी वही होती.

इथवर सारे गोड झाले. या सेवेचा खरा कस पंखांवर लागत होता, आणि त्या भागाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

प्रत्येक कॉन्स्टेलेशनवर राइट कंपनीची आर-3350 जातीची चार इंजिने असत. एका इंजिनात नऊ-नऊच्या दोन वर्तुळांत मांडलेले अठरा सिलिंडर, म्हणजे विमानामागे बहात्तर. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकंदर एकशे चव्वेचाळीस. एका इंजिनाचे घनफळ सुमारे 55 लिटर आणि 749 प्रकारात त्याची ताकद 2,500 अश्वशक्ती. हवेवर थंड होणारे एवढे मोठे इंजिन तापमानाच्या बाबतीत फार हळवे असते, कारण मागच्या वर्तुळातल्या सिलिंडरांपर्यंत पोहोचणारी हवा पुढच्यांनी आधीच तापवलेली असते. मुंबईच्या मे महिन्यात, किंवा त्याहून वाईट म्हणजे कैरोच्या दुपारी, इंधनाने गच्च भरलेले विमान धावपट्टीच्या टोकाशी थांबले की इंजिनाच्या आवरणाची झाकणे उघडी ठेवून फ्लाइट इंजिनीअर तापमानाच्या काट्यांकडे टक लावून बसे. वैमानिकाच्या मागे, बाजूला तोंड करून बसणाऱ्या या माणसाची मुलाखत घ्यायला कोणी जात नसे, पण विमान वेळेवर सुटणार की नाही हे पुष्कळदा त्याच्या हाताखालच्या दांड्यांवर ठरे.

माझे थोरले काका मुंबईत पिस्टन इंजिनांवर काम करून निवृत्त झाले. त्यांच्या कपाटात, शर्टांच्या घडीखाली, एक वापरलेला विमानी स्पार्क प्लग होता. मोटारीच्या प्लगच्या दुप्पट जड, वर धातूचे पूर्ण कवच आणि टोकाशी काजळी. लहानपणी तो हातात घेतला की काका टोक दाखवून विचारीत, ‘‘रंग कोणता?’’ टोक फिकट तपकिरी असले तर सिलिंडर सुखी, काळेकुट्ट कोरडे असले तर इंधन जास्त, ओले तेलकट असले तर पिस्टनची कडी गेली, आणि पांढुरके असले तर सिलिंडर भाजत चालला आहे. आणखी एक दुखणे होते. त्या काळच्या उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे, आणि त्या शिशाचे बारीक मणी प्लगच्या टोकाशी साचत. मणी साचला की ठिणगी पडत नसे. म्हणजे इंजिनाची प्रकृती जाणण्यासाठी असे एकशे चव्वेचाळीस प्लग काढायचे, टोके वाचायची, घासायची, तपासायची आणि पुन्हा बसवायची. काका म्हणत, ‘‘जेटवाल्यांना काय कळणार, त्यांनी एंजिनाची जीभ कधी बघितलीच नाही.’’ प्रवाशाने मोजलेल्या 1,720 रुपयांत या जीभ बघण्याचीही किंमत धरलेली होती, आणि मला तो पैसा सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

1953 च्या 1 ऑगस्टला हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. एअर इंडिया इंटरनॅशनल सरकारी महामंडळ झाले आणि देशांतर्गत आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स निर्माण झाली. या धाकट्या बहिणीच्या वाट्याला 74 डाकोटा, 12 व्हायकिंग आणि तीन स्कायमास्टर आले, म्हणजे तीही पिस्टनांचीच धनी होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपाल विमाने मध्यरात्री नागपूरला भेटून थैल्यांची अदलाबदल करीत, ती 1949 पासूनची योजना याच ताफ्याच्या जिवावर चालली. तिचे परीक्षण स्वतंत्रपणे करावे एवढी ती मोठी आहे. येथे आपण मोठ्या बहिणीसोबतच राहू.

राष्ट्रीयीकरणानंतर सेवा घसरेल अशी भीती अनेकांना होती. निदान या ताफ्याच्या बाबतीत ती खरी ठरली नाही, आणि याचे एक कारण म्हणजे टाटा अध्यक्षपदी कायम राहिले. 1954 पासून सुपर कॉन्स्टेलेशन येऊ लागले. राजकन्या संपून राण्या सुरू झाल्या. रानी ऑफ झाँसी हे त्यांतले एक नाव. मूळच्या विमानाचे अंग अठरा फुटांहून थोडे अधिक लांबवलेले, खिडक्या वाटोळ्याऐवजी चौकोनी, आणि प्रवाशांसाठी पहिल्या वर्गाच्या जोडीला स्वस्त पर्यटक वर्ग. यातल्या शेवटच्या, जी प्रकारच्या विमानांच्या पंखांच्या टोकांना इंधनाच्या टाक्या बसवता येत.

सुपर कॉन्स्टेलेशनचे इंजिन मात्र वेगळ्याच जातीचे होते, आणि येथे माझे कौतुक थोडे आखडते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत पुष्कळ शक्ती फुकट जाते, ती पकडावी म्हणून प्रत्येक इंजिनाच्या मागे तीन टर्बाइन बसवण्यात आली. सहा-सहा सिलिंडरांचा धूर एकेका टर्बाइनला फिरवी, आणि ती फिरण्याची शक्ती पुन्हा मुख्य दांड्याला जोडली जाई. अशा रीतीने दर इंजिनामागे सुमारे 450 अश्वशक्ती जवळजवळ फुकटात मिळत असे, आणि इंजिनाची एकंदर ताकद 3,250 अश्वशक्तीवर गेली. कागदावर ही योजना अतिशय सुंदर आहे. प्रत्यक्षात लालभडक तापलेली तीन चाके, त्यांना जोडणारे दांडे आणि तेलावर चालणारे जोड अशी नवी दुखणी आधीच्या अठरा सिलिंडरांच्या संसारात येऊन राहिली. या टर्बाइनांना शक्ती परत मिळवून देणारे यंत्र म्हणण्याऐवजी सुटे भाग परत गोळा करायला लावणारे यंत्र म्हणावे, असा विनोद जगभरच्या मेकॅनिकांत चाले. सुपर कॉन्स्टेलेशन हे जगातले सर्वोत्तम तीन इंजिनांचे विमान आहे, हा त्याच्याच जोडीचा दुसरा विनोद. चौथे इंजिन वाटेत बंद पडलेले असे.

रात्री खिडकीपाशी बसलेल्या नवख्या प्रवाशाची यात आणखी एक परीक्षा होई. इंजिनाच्या बाजूने निळसर ज्वाळा बाहेर फेकल्या जात, दिवसा त्या दिसत नसत, आणि अंधारात त्या दिसल्या की माणूस हमखास घंटी वाजवी. निळी ज्वाळा म्हणजे सारे ठीक, हे त्याला समजावून सांगणे हेही हवाई सुंदरीच्या कामाचाच भाग होता. आत पुढे फ्लाइट इंजिनीअरसमोर एक छोटा वाटोळा पडदा असे. त्यावर उमटणारी हिरवी रेघ पाहून कोणत्या इंजिनातल्या कितव्या सिलिंडरची ठिणगी बिघडली आहे, हे उडत्या विमानातच कळे. खाली उतरल्यावर शोधाशोध करायला नको, नेमका तेवढाच प्लग बदलायचा. काकांच्या पिढीला ही सोय देवाघरचे देणे वाटली असल्यास नवल नाही.

सुपर कॉन्स्टेलेशन घेणे चूक होते का? मला तसे वाटत नाही. 1952 मध्ये ब्रिटिशांचे कॉमेट जेट सुरू झाले आणि पिस्टनांचे दिवस भरले असे सर्वांना वाटले. परंतु मे 1953 मध्ये कलकत्त्याजवळ एक कॉमेट वादळात तुटले, आणि 1954 च्या जानेवारी व एप्रिलमध्ये इटलीनजीक आणखी दोन विमाने हवेतच फुटली. कॉमेटची उड्डाणे थांबली. अशा वेळी ज्याची दुखणी ठाऊक आहेत आणि ज्याच्यावर औषधही ठाऊक आहे असे यंत्र हाती असणे, हे नव्या कोऱ्या यंत्राची दुखणी नव्याने शोधण्यापेक्षा बरे. इंजिन बंद पडले तर पंख्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवून उरलेल्या तिघांवर इच्छित स्थळी पोहोचता येत होते. आणि त्या विनोदाचा अर्थही शेवटी एवढाच आहे की विमान पोहोचत असे.

मार्गांच्या बाबतीत या ताफ्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. जानेवारी 1950 मध्ये नैरोबी, 1954 मध्ये सिंगापूर, मे 1955 मध्ये बँकॉक आणि हाँगकाँगवरून टोकियो, ऑक्टोबर 1956 मध्ये सिडनी, आणि ऑगस्ट 1958 मध्ये ताश्कंदमार्गे मॉस्को. दहा वर्षांत चार खंड. मॉस्कोच्या मार्गावर एक गमतीचा सामना पाहायला मिळे, कारण भागीदार असलेली सोव्हिएत कंपनी तिथे टीयू-104 हे जेट उडवी आणि आपण राणीसाहेबांना पंखा फिरवीत नेत असू. वेळेत आपण हरत होतो, यात वाद नाही.

आता सुरक्षिततेचा भाग. 3 नोव्हेंबर 1950 रोजी मुंबईहून लंडनला निघालेले मलबार प्रिन्सेस जिनिव्हाकडे उतरत असताना खराब हवेत माँ ब्लाँच्या शिखराखाली आदळले. विमानातील सर्व 48 जण गेले. बचावासाठी वर चढलेल्या तुकडीतला रने पायो हा वाटाड्याही हिमकड्यांत मरण पावला. ज्या विमानाने सेवेचे उद्घाटन केले तेच अडीच वर्षांत असे गेले. हा अपघात इंजिनांच्या माथी मारता येत नाही. त्या काळी विमान नेमके कुठे आहे हे रेडिओच्या खुणा आणि नॅव्हिगेटरचे गणित यांवरून ठरे, ढगांत त्यात चूक झाली की डोंगर माफ करीत नसे. पुढे 24 जानेवारी 1966 रोजी कंपनीचे कांचनजंगा हे बोइंग जेट त्याच डोंगरावर आदळले आणि होमी भाभांसह 117 जण मृत्युमुखी पडले, तेव्हा पिस्टन असो वा जेट, त्या उताराचा धोका तोच होता हे पुन्हा दिसले. 1959 च्या जुलैमध्ये एक सुपर कॉन्स्टेलेशन मुसळधार पावसात सांताक्रूझला उतरताना मोडले, त्यात विमान कामातून गेले पण 46 पैकी सर्व जण वाचले.

याच ताफ्यातल्या काश्मीर प्रिन्सेसची गोष्ट अपघातांच्या यादीत घालणे अन्यायाचे होईल, कारण तो घातपात होता. 11 एप्रिल 1955 रोजी आशिया-आफ्रिकेतील देशांच्या बांडुंग परिषदेसाठी चिनी शिष्टमंडळातील माणसे आणि काही पत्रकार यांना घेऊन ते हाँगकाँगहून जाकार्ताला निघाले होते. विमान उभे असताना उजव्या पंखाच्या चाकाच्या कप्प्यात बाँब ठेवण्यात आला होता. नेम चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यावर होता, पण ते त्या विमानाने गेलेच नाहीत. सुमारे अठरा हजार फुटांवर स्फोट झाला, पंखाने पेट घेतला, आणि कॅप्टन दामोदर जटार यांनी जळते विमान नतुना बेटांजवळ समुद्रावर उतरवण्याची शिकस्त केली. 19 पैकी तिघे वाचले : सहवैमानिक दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक. जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी गेले. धूर भरत असताना प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे वाटली गेली, धोक्याचे संदेश पाठवले गेले, उतरण्याची तयारी शेवटपर्यंत चालू राहिली. या कर्मचाऱ्यांना अशोक चक्र सन्मान देण्यात आला. सेवा या शब्दाची परीक्षा चहाच्या रंगावरून घेता येते, तशी ती त्या काही मिनिटांवरूनही घेता येते, आणि त्या परीक्षेत ही माणसे कुठेही कमी पडली नाहीत. जटार, दीक्षित, कर्णिक ही नावे मुंबई-पुण्याच्या कोणत्याही चाळीच्या पाटीवर सापडावीत अशी आहेत. मराठी घरांत ती जितकी ठाऊक असायला हवीत तितकी नाहीत.

शेवट मात्र फार झटपट झाला. 1960 च्या फेब्रुवारीत नंदादेवी हे पहिले बोइंग 707 आले, एप्रिलमध्ये ते लंडनला आणि मे महिन्यात न्यूयॉर्कला जाऊ लागले. कॉन्स्टेलेशन ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाई, बोइंग नऊशेच्या घरात, आणि तेही ढगांच्या वरून. ज्यांनी एकदा तो प्रवास केला, त्यांना परत घरघरीत बसवणे शक्य नव्हते. 11 जून 1962 रोजी आपला ताफा पूर्णपणे जेटचा झाल्याचे कंपनीने जाहीर केले, आणि हे साधणारी आपण जगातली पहिली कंपनी असल्याचे अभिमानाने सांगितले. चौदा वर्षांच्या पिस्टन सेवेला निरोपाचा समारंभ असा फारसा झाला नाही. ते स्वाभाविकच होते.

राण्या मात्र निवृत्त झाल्या नाहीत. सुपर कॉन्स्टेलेशन हवाई दलाच्या 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे गेली, 1971 च्या युद्धात त्यांनी समुद्रावर टेहळणी केली, आणि नोव्हेंबर 1976 मध्ये त्यांतली पाच नौदलाने घेऊन दाबोळीला 312 क्रमांकाची स्क्वाड्रन उभी केली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती उडत राहिली, म्हणजे प्रवासी सेवेपेक्षा अधिक काळ त्यांनी गणवेशात काढला. टिकाऊपणाला गुण द्यायचे तर यापेक्षा वेगळा पुरावा मागण्याचे कारण नाही.

त्यांतले एक विमान गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात पाहायला मिळते. मी तिथे गेलो तेव्हा दुपार टळून गेली होती. लोक शेपटीचे तीन पंख मागे घेऊन फोटो काढत होते, आणि ते योग्यच आहे, फोटोत तीच शेपूट शोभते. मी इंजिनाखाली गेलो आणि मान वर करून धुराची नळकांडी मोजली. काकांसाठी एखादा फोटो काढावा असे वाटले, पण त्यांना विमानाचा फोटो कधीच आवडला नसता. त्यांनी आवरण उघडून आत बघायला सांगितले असते.